घरी आल्यावर प्यायला

३ मार्च

टेम्पो पोलीस ठाण्याच्या आवारात, मुलगा कोठडीत, आणि त्यानं टेम्पोखाली घेतलेला तो सायकलवरचा वॉचमन आज सकाळी गेला. कालपर्यंत 'जखमी' होता. वकील म्हणतो, आता कलम वाढलं. मला आपलं गुलाबाचं कलम ठाऊक!

मी बोलते, सून लिहिते. मला अक्षर येत नाही, तिला बोलता येत नाही — जोडी जमली. अट एकच. मी बोलेन तेच लिहायचं, सुधारायचं नाही. तिच्या नवऱ्याबद्दल असलं तरी.

१९ मार्च

जामीन झाला. आला तो पायरीवरच बसला. किल्ली नाही, लायसन्स नाही, हातांचं काय करावं कळेना. म्हटलं, "लसूण सोल." सोलला बिचाऱ्यानं. डोळे पुसत होता. लसणानं डोळ्यांना पाणी येत नाही, हे मी बोलले नाही.

२ एप्रिल

वकील घरी आला. चहा पिऊन मुद्द्यावर आला.

रक्तात दारू निघालीय, ते काही पुसता येत नाही. "पण रक्त घेतलं घरून पकडून नेल्यावर. धडक झाली, हा घाबरून पळाला, घरी आला आणि मग प्यायला — असं झालं असेल, तर गाडी चालवताना प्यायलेला होता हे सिद्ध होत नाही. पळाल्याची शिक्षा होईल, मोठं कलम टिकणार नाही. नाहीतर काही वर्षं आत. घरात कोण होतं?"

सून माहेरी होती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एरवी या घरात मला मीठसुद्धा कोणी विचारत नाही!

"आजी, तुम्ही एवढंच म्हणायचं, घरी आल्यावर प्यायला."

म्हटलं, "वकीलसाहेब, आमच्या ह्यांना दारूनं नेलं. तेव्हापासून या घरात बाटली येत नाही. आली तर मी फोडते. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे."

"म्हणून तर तुमच्यावर विश्वास बसेल!"

खरं काय? त्या दिवशी दारात आधी वास आला, मग हा आला.

थांबू नकोस गं. लिही.

३ एप्रिल

मुलगा म्हणाला, "आई, नको."

म्हटलं, "तू गप. बोलायचं तेव्हा हॉर्नसुद्धा वाजवला नाहीस."

१४ ऑक्टोबर

तालीम. वकील विचारतो, मी सांगते. "छान, पण इतकं हसत नको," म्हणाला. म्हणजे काय, रडत खोटं बोलू? ते जास्त महाग पडतं.

सुनेला विचारलं, तुझं काय मत? म्हणाली, "मला तो घरी हवा." नंतर म्हणाली, "आणि टेम्पोवर नको." एवढं एका दमात ती लग्नातही बोलली नव्हती.

२१ नोव्हेंबर

साक्ष झाली.

बाहेर बाकावर एक बाई होती. सरकून मला जागा दिली, गुडघ्यांची चौकशी केली. मीही तिची केली. वॉचमनची बायको — हे सुनेनं नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतंस तर मी उभी राहिले असते गं.

आत मी पाठ केलेलं म्हटलं. घाबरला होता, घरी आल्यावर प्यायला. झालं, सुटले असं वाटलं. तेवढ्यात सरकारी वकील — गोड बोलणारा — म्हणतो, "आजी, तुमच्या घरात बाटली येत नाही म्हणतात. मग त्या दिवशी कुठून आली?"

हे तालमीत नव्हतं!

तोंडातून निघून गेलं, "मी ठेवली होती. मीच ओतून दिली."

आमचा वकील खूश. मुलगा मात्र घरी आला, ताटावर बसला, उठला. "तू ओतलीस?" एवढंच.

२२ नोव्हेंबर

कोर्ट सुरू होतं न होतं तोच उभा राहिला. "साहेब, माझ्या आईनं आयुष्यात कुणाला दारू ओतलेली नाही. मी पिऊनच गाडी चालवत होतो." वकिलानं बाही ओढली. बसला नाही.

आता त्याला शिक्षा, आणि खोट्या साक्षीबद्दल मला वेगळी विचारणा.

पण किती सरळ उभा होता गं! जरासुद्धा झोक गेला नाही.