वन्संची कवळी आणि लेनीराची तारीख

वार्जेम दो सिनो,
ब्राझील, २ एप्रिल २०१३

ती. वन्संना जांदिराचा सा. न. वि. वि.

फोनवर माझा आवाज आला की तुम्ही ठेवून देता, म्हणून पत्र. जन्मभर शाळेत शिकवलंत, लिहिलेलं वाचल्याशिवाय तुम्हाला राहवायचं नाही.

लेनीराची तारीख आली! सहा मे. सरकारी इस्पितळाच्या रांगेत पाच वर्षं नाव होतं पोरीचं. बाई म्हणून जगतेय, डेअरीत कामाला जातेय, गावानं चघळून चघळून विषयाचा चोथा केला. राहिलं ते अंगानंही बाई व्हायचं ऑपरेशनच. सगळं सरकार करतंय. पण तिथली बाई म्हणाली, घरचं माणूस आठवडाभर सोबत पाहिजे, नाहीतर भरती करणार नाही. आणि तारीख हुकली की पुन्हा रांगेच्या शेपटाला.

मी गेले असते, पण पाय प्लास्टरात. हसू नका. शेजारच्या पेरूवर चढले होते. तुमचा भाऊ असता तर त्यानं खालून फांदी धरली असती. तो गेल्यापासून फांद्यासुद्धा मला जुमानत नाहीत.

इस्पितळ तुमच्या घरापासून तीन स्टॉपवर, आणि आत्या तिला तुम्ही एकच. जाल ना?

लोभ आटला असेल तर थोडं पाणी घालून वाढवा.

तुमची,
जांदिरा

गोयानिया,
९ एप्रिल

जांदिरास ओझोरियाचे आशीर्वाद. सहासष्टाव्या वर्षी पेरूवर चढणाऱ्या बाईला दुसरं काय द्यायचं?

स्पष्ट लिहिते. मी जाणार नाही. तुझ्या लेकरानं कसं जगावं यावर बोलणं मी केव्हाच सोडलं. पण हे जनतेच्या पैशानं कशाला? माझ्या पेन्शनमधून दर महिन्याला कर कापतात. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ डायलिसिससाठी पहाटेपासून ताटकळतात. जिन्यात भेटले तर त्यांना काय तोंड दाखवू? उद्या कुणी म्हणालं, ओझोरियाबाईंच्या घरच्यांनी सरकारला लुटलं, तर?

त्यापेक्षा खाजगी दवाखान्यात करा. खर्च मी करते. गुपचूप होईल, कुणाचं काही जायचं नाही.

माया आहेच, ती पुन्हापुन्हा तपासून बघू नये.

ओझोरिया

वार्जेम दो सिनो,
१४ एप्रिल

ती. वन्संना सा. न. वि. वि.

कुणाचं काही जायचं नाही म्हणता? दोन वर्षांपूर्वी कवळी बसवलीत. तिची पावती टॅक्सवाल्याला दिलीत, तेवढा कर कमी भरलात, आणि गेल्या वर्षी ईस्टरला मला कोण आनंदानं सांगत होतात! त्याच्या आधी पायाच्या शिरांचं केलंत, तेही तसंच. म्हणजे तुमच्या तोंडात जनतेचे दात आहेत, वन्सं. एखादी दाढ त्या खालच्या गृहस्थांचीही असेल. जिन्यात भेटले तर जरा हसून दाखवा, बघू द्या त्यांना.

मी म्हणते, असू दे की. दात नव्हते तेव्हा तुम्ही चार महिने चर्चला गेला नाहीत. आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला होतात. माझी लेक लहानपणापासून तश्शी आरसा टाळते. तिला नटायचं नाहीये हो, नीट जगायचंय.

तुमचे पैसे ती घेणार नाही. म्हणाली, माझ्याही पगारातून कर जातो, मी मागच्या दारानं कशाला जाऊ? आणखी एक म्हणाली. ते लिहू नको म्हणाली, म्हणून लिहिते. म्हणाली, आत्या पैसे पाठवायला तयार आहे, यायला नाही.

महिनाअखेर सोबतीचं नाव कळवायचंय. रागवायचं असेल तर भरपूर रागवा, पण लवकर आटपा.

जांदिरा

गोयानिया,
२५ एप्रिल

जांदिरास आशीर्वाद.

माझ्या दातांवर पुन्हा अक्षर लिहिलंस तर याद राख.

काल पावत्या घेऊन टॅक्सवाल्याकडे गेले होते. तुझा हिशोब खोटा पाडायचाच होता. त्याला विचारलं, भाचीचं ऑपरेशन मी माझ्या पैशानं केलं तर करात धरतील का? तो म्हणाला, कवळी धरली, शिरा धरल्या, पण हे नाही. का म्हणून विचारलं. मान वर न करता म्हणाला, ती तुमची कुणी लागत नाही.

जांदिरा, माझं डोकंच फिरलं. कुणी लागत नाही? बाप्तिस्म्याला याच हातांत होती, पाणी डोक्यावर पडताच माझी बाही भिजवली होतीन. तिला गोवर आला तेव्हा मी शाळेतून रजा घेऊन तुमच्याकडे येऊन राहिले होते. हे सगळं त्याला ऐकवलं. बिचारा म्हणाला, बाई, नियम मी केला नाही. मग बसमध्ये सगळा वेळ एकच डोक्यात. त्यानं जे तोंडानं म्हटलं ते मी इतकी वर्षं करूनच दाखवत होते.

जनतेच्या पैशाचं माझं अजून पूर्ण पटलेलं नाही. त्यावर तुझं प्लास्टर निघाल्यावर भांडू. सोबतीला माझं नाव दे. लेनीराला म्हणावं, आत्या येतेय. पाकीट नाही, स्वतः.

पेरूच्या झाडापासून लांब राहा.

ओझोरिया

गोयानिया, इस्पितळातून
७ मे

जांदिरास खूप खूप आशीर्वाद.

लेनीराचं ऑपरेशन काल नीट पार पडलं. डॉक्टरीणबाई समाधानी आहेत, तूही हो.

नगरपालिकेच्या गाडीतून उतरली तेव्हा एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात तू दिलेल्या मक्याच्या वाफवलेल्या पामोन्यांचा डबा. तिला काही खायची बंदी, म्हणून मीच खाल्ले. मीठ कमी होतं. सोबतीला दिलेल्या खुर्चीनं माझी कंबर मोडली, पण पांघरूण स्वच्छ आहे आणि नर्सबाई गोड बोलते. खोटं कशाला सांगू, माझा कर कुठे जातो ते मी पहिल्यांदाच डोळ्यांनी बघितलं.

महिनाभर तिला माझ्याकडेच ठेवणार आहे. विचारत नाहीये, कळवतेय.

आता एक सांगते, रागवू नकोस. भूल उतरत होती, डोळे मिटलेलेच होते, दुखत होतं तिला. माझा हात चाचपडून धरला आणि म्हणाली, आई, आहेस ना? शाळेत एखादं पोर चुकून मला आई म्हणालं की मी तिथल्या तिथे दुरुस्त करायचे. काल म्हटलं, आहे गं.

तुमची दोघींची,
ओझोरिया