बाहुलीचं बटण

स्कारविक, १४ मे

प्रिय गुनवोर,

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. मेंढ्या व्यायला लागल्यात आणि सतरा मेच्या, राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीसाठी शाळेचा बँड रोज आमचे कान किटवतोय. अ‍ॅम्ब्युलन्सवरचा माझा सहकारी हाल्वार तुझी आठवण काढतो.

जिल्हा आरोग्य कार्यालयाचंही पत्र आलंय. मेंढ्या पाळणाऱ्या मारेनची मुलगी आमच्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये जन्मली ना, तर मी म्हणे पुढच्या महिन्यातल्या सभेत येऊन सांगायचं, की तुझ्या दोन दिवसांच्या प्रसूती-प्रशिक्षणामुळेच हे साधलं. सोबत आकडा आहे: शिकून गेलेल्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांना 'पूर्ण आत्मविश्वास'. आपलं प्रसूतिगृह बंद केलंच, आता या आकड्याच्या जोरावर पलीकडच्या गावचंही करणार. गुनवोर, पत्र वाचून माझं डोकं फिरलं.

तो आकडा कसा आला हे तुला माहीत नाही का? वर्ग संपत आला होता, साच्यातून वॉफल निघत होते, वास सुटला होता. तू अभिप्रायाचे कागद वाटलेस आणि म्हणालीस, "भरा गं पटापट, गार होतील!" मीही आत्मविश्वासाला पाचपैकी पाच ठोकले. दुसऱ्या दिवशी आमच्या हातांना काय येतं, सहा महिन्यांनी काय उरतं, हे एकाही शहाण्याने तपासलं नाही.

आता हाल्वार आणि मारेनशिवाय कुणालाच माहीत नसलेलं सांगते.

इस्पितळ अजून दीड तासावर होतं. हाल्वारने गाडी रस्त्याकडेला घेतली. मूल आलं ते निळसर, लुळं. मी शिकवल्याप्रमाणे नाळेला चिमटे लावले, मुलीला गुंडाळलं, मारेनच्या छातीवर ठेवलं. आणि थांबले. कशासाठी? ती रडण्यासाठी! तुझ्या वर्गात बाहुली गुंडाळली की तू बटण दाबायचीस, ती रडायची, आम्ही टाळ्या वाजवायचो. चार वेळा सराव केला, चारही वेळा ती रडली. न रडणाऱ्या बाळाचा धडा तू तोंडी उरकलास, वेळ नव्हता म्हणून. तो मला आठवलाच नाही.

"अगं ए तुरिल, बघत काय बसलीयेस!" मारेन ओरडली. "चोळ तिला! टॉवेलने खसाखसा! कोकरू कधी काढलं नाहीस का गं बाई?"

मी चोळलं. पोरीने आचका दिला आणि मग रडली. हाल्वार म्हणतो, मी अर्धं मिनिट नुसती उभी होते. तेवढ्या वेळात काहीही होऊ शकलं असतं. आणि मारेन गावभर सांगत फिरते, "तुरिलने वाचवली माझी पोर." काल दारात कोकराच्या लोकरीचे मोजे ठेवून गेली. मला ते पायात घालवत नाहीत. लाज वाटते गं.

मी सभेला जाणार आहे, आणि हेच सांगणार आहे. बटणासकट. तू पहिल्या रांगेत असशील, म्हणून आधी तुला कळवलं. तुझ्या नोकरीवर बेतेल, हेही जाणते. वीस वर्षांची मैत्री आहे, पण पलीकडच्या गावात सगळ्याच बाया मेंढ्या पाळत नाहीत.

तोवर एवढं कर. माझा कागद काढ, पाच खोड, एक लिही. आणि पुढच्या वर्गात बटण दाबू नकोस. बाहुली गप्प राहू दे, आणि बघ कुणाचे हात चालतात ते.

तू रागावलीस तरी तुझीच,
तुरिल