मोबाईलात माणूस बारको दिसता

१८ ऑगस्ट, सोमवार
गेलं नेट! चतुर्थीची झाडलोट उरकून जरा टेकते, तोच भाईंची हाक. त्यांच्या म्हाताऱ्या कम्प्युटरवर लाल फुली! माझा नवरा जितेंद्र मस्कतहून रोज संध्याकाळी त्यावरच बापाला दिसतो. मी माझा मोबाईल पुढे केला. त्यात नेट नुसतं धावतंय. पण सासरे कसले ऐकतायत! "नुको गो विनीता. मोबाईलात माणूस बारको दिसता." आधीच जितेंद्रला यंदा चतुर्थीची रजा नाही. घर खायला उठतं.

१९ ऑगस्ट
केबलवाला रोनी आला. नेटची डबी बघितली, छपरावर चढला, वायर ओढली, चहा प्याला. कम्प्युटरच्या मागे वाकायचं म्हटलं तर पोट आड आलं. "भाईनू, वायर बरी आसा, डबी बरी आसा. कम्प्युटरच मेलो." भाई भडकले – "मेलो म्हणू नको रे! माझो झील येता त्येच्यात!" नवीन भाग मागवतो म्हणाला, पण चतुर्थी झाल्यावर.

२० ऑगस्ट
कंपनीच्या बाई फोनवर – "बंद करून चालू करा." भाईंनी घराचा मेन स्विचच बंद करून चालू केला. फ्रिज गेला. नेट आलं नाही ते नाहीच.

२१ ऑगस्ट
जितेंद्रचा मला फोन. "भाई खंय?" म्हटलं, बरे आहेत, कम्प्युटर तेवढा बिघडलाय. तर म्हणतो – "आवशीच्या वेळाक पण तू 'बरी आसा' असाच सांगत होतंस."

खरंच की! परदेशातल्या माणसाला उगाच घोर नको म्हणून सासूबाईंचं आम्ही सगळं आटोपल्यावर कळवलं होतं. आता खरं सांगायची सोय राहिली नाही. भाईंना फोनवर धड ऐकू येत नाही, ते कान लावत नाहीत, आणि मोबाईलात तोंड दाखवायलाही तयार नाहीत. शेवटी पुरावा म्हणून त्यांचा फोटो काढून पाठवला. आरामखुर्चीत झोपले होते. तोंड उघडं, नाकावर माशी. काय अक्कल माझी!

२२ ऑगस्ट
भाईंनी कम्प्युटरसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या नेटात जो कोण आडवो इलो आसात, तेका बाजूक कर रे म्हाराजा!" मी "व्हय म्हाराजा!" म्हटलं. म्हणावंच लागतं. फुली तशीच. नारळाची चटणी केली.

२३ ऑगस्ट
फोंडाघाटची हौसाआत्या, भाईंची बहीण. जितेंद्रने तिला बघायला धाडलं, तर ती अंगणातूनच गळा काढत आली! "भाऊ गेलो गो माझो!" दार भाईंनीच उघडलं. "रडतंस कित्याक गो? मेलो कोण?" आत्या मटकन खाली बसली. मग थोडी रागावलीच – एवढ्या लांबून आली होती! चहा पिऊन तिने जितेंद्रला फोन लावला: "भाई बरो आसा रे बाबा." झालं! आत्यालाही आम्ही पढवून ठेवलंय, अशी आता त्याची खात्रीच पटली.

२५ ऑगस्ट
जितेंद्रचा फोन बंद. आता माझ्या जिवाला घोर.

२६ ऑगस्ट
आला! मोप्याच्या विमानतळावर उतरून, गाडी करून. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. भाई गणपतीच्या डोक्यावरची पानाफळांची माटवी बांधत होते. त्याने बापाला डोक्यापासून पायापर्यंत चाचपून बघितलं, घट्ट मिठी मारली आणि मग आम्हा दोघांवर जो ओरडला! भाई म्हणाले, "इलंस तर ही दोरी धर." मी आत जाऊन पोटभर रडले. इतकं बरं वाटलं!

२७ ऑगस्ट, चतुर्थी
आरतीनंतर जितेंद्र कम्प्युटरच्या मागे वाकला. वायर खोचायची दोन भोकं आहेत. वरचं कधीच निकामी झालेलं, खालचं त्यानेच मागच्या सुट्टीत बसवलेलं. झाडलोट करताना मी वायर वरच्यात खोचली होती! फुली गेली. दिवसभर माझी थट्टा. भाई मोदक खात बसले होते.

५ सप्टेंबर
जितेंद्र पहाटे गेला. शिमग्यालाही रजा नाही म्हणाला. दुपारी केरसुणी घेऊन कम्प्युटरच्या मागे गेले नि वायर उपटली. वळते तर भाई दारात! हात तसाच राहिला. त्यांनी बाहेर कुणी नाही ना, बघितलं, आणि हळूच म्हणाले –

"वरच्या भोकात घाल."