भाजीपुढची रिकामी जागा

नाशिक, ता. ४ फेब्रुवारी १९७८

आदरणीय जयरामदादा,

सप्रेम जय भीम. वहिनींची कंबर कशी आहे? शेक घेत जा म्हणावं; नर्स नणंद असून एवढाही उपयोग नको का! आम्ही ठीक, म्हणजे मुलं ठीक आहेत. मला आठ दिवस झोप नाही.

तू बलसाडच्या दवाखान्यात शब्द टाकून मला नर्सची नि यांना कंपाउंडरची जागा बघितलीस. महिनाअखेर होय-नाही कळवायचंय. पण तुझे मेहुणे! औषधाच्या बाटलीवर डोसाची पट्टी चिकटवण्यात जन्म गेलेला माणूस. त्यांनी वहीत दोन रकाने आखले, एक महाराष्ट्र, एक गुजरात, आणि पगार, घरभाडं, घासलेट मांडत बसले. व्यवसाय कर दोन्हीकडे कापतात हे कळल्यावर दोन दिवस धड जेवले नाहीत. तिकडे वरणात गूळ घालावा लागला तर तो किराण्यात धरायचा की करात, हाही प्रश्न झाला. (मी वैतागून म्हटलं, करात धरा. त्यांनी खरंच धरला.)

सगळं भरलं, फक्त नाशिकच्या रकान्यात भाजीपुढची जागा रिकामी. पंचवटीच्या बाजारातल्या माळणी माझ्याकडून पैसे घेत नाहीत. निम्म्या जणींची बाळंतपणं माझ्या हातची. पण हे म्हणाले, रिकामी जागा चालणार नाही, भाव विचारून पैसे देऊन ये. गेले बापडी. भागुबाईला मेथीच्या जुडीचा भाव विचारला. (अकरा वर्षांत पहिल्यांदा!) तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "बाई, माझं काय चुकलं?"

आता काय सांगणार, कपाळ! वही, कर, गुजरात, सगळं तिथंच ओकून बसले. तिच्या सुनेला नववा लागलाय. भागुबाईनं भाव सांगितलाच नाही. पिशवीत दोन जुड्या कोंबल्या नि तोंड फिरवलं. मी रस्ताभर रडत आले. यांनी मग शेजारणीला विचारून भाव लिहिला.

असो. वहिनींना जय भीम, पोरांना गोड पापा.

तुझी धाकटी,
शकू

ता. क. बेरीज झाली. गुजरात महिन्याला साडेअडतीस रुपयांनी फायद्याचं. हे सामान बांधायला दोऱ्या शोधतायत.

ता. क. दुसरा. दादा, तुझा शब्द खाली पडणार, आणि मी जवळ येणार म्हणून वहिनी खूश होत्या हेही ठाऊक आहे. रागाव, हवं ते बोल. पण मला जायचं नाही म्हटलं, तर हे विचारतील की ते कुठल्या रकान्यात लिहू. तेव्हा यांच्या नावानं वेगळं कार्ड टाक. तुमच्याकडचं दूध, घरभाडं, घासलेट, सगळं मिळून चाळीस रुपयांनी वाढवून लिही. तुझ्या आकड्यावर त्यांचा विश्वास आहे. आणि खरे भाव मला कळवू नकोस.