खेकड्यातली चुंबळ

प्रिय आई,

लाखनीच्या टपरीवरून मी गाडी काढली आणि तुमच्या गिलासातला चहा तुमच्या हिरव्या लुगड्यावर सांडला, तो दिवस आठवतो? चटका तुम्हाला बसला आणि ओरडले मी. तुम्ही पदराने पुसत एवढंच म्हणालात, "सूनबाई, ह्या खेकड्यात माणसाले जागा हाये, चहाले काहून नाही?"

आजच हे आठवायचं कारण, आपला खेकडा उद्या नागपूरला चालला आहे, तुमच्या नातीकडे. ऋता त्याला जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात उतरवणार आहे. तिथे परीक्षक असतात म्हणे, नंबर काढतात. तिचा मेकॅनिक काल येऊन गाडी पाहून गेला. मनापासून काम करणारा माणूस. कारखान्यातून निघताना गाडीत जे नव्हतं, ते सगळं काढायला हवं, असं त्याने सांगितलं. आणि काढायच्या वस्तूंच्या ढिगात त्याने सगळ्यात आधी ठेवली ती तुमची चुंबळ.

तेव्हापासून मला चैन नाही. म्हणून, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी, लिहायला बसले.

बाबांनी लग्नात ती गाडी मला दिली तेव्हा तुमच्या गावी, एकोडीत, काय हसू झालं होतं! तुमसरकडच्या खाणीवरचा एक साहेब मायदेशी परतताना बाबांना देऊन गेलेली, लाल, बसकी, छत उघडणारी, दोनच माणसांची गाडी. तुम्ही तिच्याभोवती एक फेरी मारलीत. "धानाचं एक पोतं मावत नाही हिच्यात. कोणाच्या कामाची?" मग तिचे बाहेर आलेले डोळ्यांसारखे दिवे पाहिलेत आणि म्हणालात, "धानाच्या बांधीतला खेकडाच हाये थो." त्या दिवसापासून आमच्या घरात ती गाडी 'तो' झाली.

आणि पहिल्यांदा त्यात बसलं कोण? तुम्हीच.

रविवारी तुमच्या मुलाला झोप प्यारी. मग आपण दोघीच भंडाऱ्याहून निघायचो, एकोडीचं धान बघायला. कॉन्व्हेंटात शिकलेली, शेतातलं काही न कळणारी सून आणि सगळं कळणारी सासू. त्या रस्त्यावर मी तुमच्याकडून धानाच्या जाती शिकले आणि तुम्ही माझ्याकडून गिअरची नावं.

लाखनीला चहा ठरलेला. पण तुम्ही कधी उतरला नाहीत. "बायामाणसानं टपरीवर बसू नाही," हा तुमचा नियम. मी उतरायची, तुमचा पितळी गिलास भरून आणायची. मला निघायची घाई, आणि तुम्हाला फुंकर घालून प्यायचं नसायचं. "चहा आपल्या मनानं निवला पाहिजे." मग तो निवेपर्यंत ठेवायचा कुठे?

मी माझी विद्या काढली. क्रोशाची छोटी पिशवी विणून डॅशबोर्डच्या खुंटीला अडकवली. पहिल्याच वळणावर ती पाळण्यासारखी झुलली आणि चहा माझ्या चपलांत गेला. मग तुमच्या मुलाने दुधाच्या पावडरीचा डबा कापला आणि तारेने दाराला बांधला. तो साकोलीपर्यंत असा खणखणला की तुम्ही विचारलंत, "आपण चहा पिऊन राहिलो का टाळ वाजवून राहिलो?"

घरी येऊन तुम्ही ते चहा सांडलेलं लुगडंच अर्धं फाडलंत. पीळ दिलात, गोल वळलंत, टोक आत खोचलंत. "डोक्यावर दोन घागरी घेऊन शेताच्या धुऱ्यावरून चालतो आम्ही. कधी सांडते का? गाडीलेही डोकं हाये समज." पण गिअरच्या मागे चुंबळ ठेवली आणि गिलास विहिरीत उतरल्यासारखा तिच्या आत गेला. तुम्ही तर घागरीच्या मापाची वळली होतीत! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. "माह्या हातांना दुसरं माप माहीतच नाही, बाई."

दुसरी वळलीत ती बाहुलीला शोभेल एवढी. निघताना तिच्यावर पाणी शिंपडायचात, म्हणजे ती घसरत नसे. त्या रविवारी एकच थेंब सांडला, तोही वासरू आडवं आलं म्हणून.

आज सकाळी ऋता म्हणाली, "आई, गाडी न्यायच्या आधी एकदा एकोडीला जाऊन येऊ." मी ढिगातून चुंबळ उचलली, ओली केली आणि तिच्या जागी ठेवली. ऋता गाडी चालवत होती, मी तुमच्या सीटवर. लाखनीला आता उड्डाणपूल झाला आहे, चहासाठी खालच्या रस्त्याला लागावं लागतं. टपरीपाशी थांबून ती म्हणाली, "चल, उतर."

मी एक पाय बाहेर टाकला आणि तिथेच थांबले. गुडघा उचलेना. हल्ली त्या गाडीत बसता येतं, उठता येत नाही. समोर बाकावर चार पुरुष बघत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "तूच आण गं. मला नाही आवडत टपरीवर बसायला."

हे तर तुमचंच वाक्य. आई, तुमचेही गुडघेच होते ना?

एकोडीला पोचलं की अंगणातली गर्दी हटेपर्यंत तुम्ही गाडीतच बसून राहायचात. "दम घेऊ दे जरासा." मी तुम्हाला राणीसाहेब म्हणून चिडवायची, आणि तुम्ही चिडवू द्यायचात. काहून सांगितलं नाही मला? सांगितलं असतं तर मी खेकडा घरी ठेवून तुम्हाला एस.टी.ने नेलं असतं, म्हणून? हो, नेलंच असतं. आणि आपले रविवार तिथेच संपले असते. तुम्हाला ते आधीच कळलं होतं.

ऋता तुमच्या पितळी गिलासात चहा घेऊन आली. मी न बघता गिलास गिअरच्या मागे ठेवला आणि तो चुंबळीत नेमका बसला. तिने तो उचलून पाहिला, परत ठेवला, परत उचलला. मग मी तिला सगळं सांगितलं, गुडघ्यांसकट.

"परीक्षकांनी विचारलं तर काय सांगू?"

"आजीने बसवलेला भाग आहे म्हणून सांग."

"नंबर जाईल, आई."

"जाईल."

तिने चहा निवेपर्यंत गाडी सुरूच केली नाही. मग म्हणाली, "जाऊ दे नंबर. राहू दे हिला."

तर आता वाटणी अशी करते, तुम्हाला पटते का बघा. खेकडा ऋताला. चुंबळ खेकड्याला, ती कोणा माणसाची नाही. पावडरीचा डबा तुमच्या मुलाला, कारण डबा चांगला होता, रस्ता वाईट होता, असं ते अजून म्हणतात. पितळी गिलासही गाडीबरोबर जाईल. उरलेलं अर्धं लुगडं माझ्याकडे, कारण ही चुंबळ झिजली की नवी मलाच वळायची आहे. घागरीच्या मापाची झाली तर हसू नका.

आणि गुडघे. ते तुमच्याकडून माझ्या वाट्याला आलेच आहेत. ते मात्र मी लपवणार नाही. पुढच्या वेळी लाखनीला ऋताचा हात मागेन, चारचौघांसमोर वेळ लावून उठेन आणि त्या बाकावर बसून चहा पिईन, आपल्या मनाने निवलेला. हे तुम्हाला वचन.

तुमची सूनबाई,
शैला