होसकोटेच्या गाडीतले तीन प्लग

आई, आज बसवनगुडीतल्या गॅरेजमध्ये गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, इरिडियमचे स्पार्क प्लग घालू या. पिकअप वाढतो, ॲव्हरेजही सुधारतं." मी म्हटलं, आधी जुने काढून दाखवा. टोकं खरंच झिजली होती, म्हणून बदलायला सांगितले; पण गाडीच्या पुस्तकात लिहिलेत तेच साधे घाला म्हटलं. तो जरा खट्टू झाला. घरी येताना मात्र तुझ्याशी बोलावंसं वाटत राहिलं. तुला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि एवढ्या काळात मी तुला एक ओळ लिहिलेली नाही.

अण्णा गेल्यावर त्यांची छोटी गाडी तूच चालवायला शिकलीस. चामराजपेटेतून सकाळी सहालाच निघून होसकोटेच्या कारखान्यात जायचीस. तिथे तपासणी विभागात दिवसभर मायक्रोमीटर लावून लोखंडी दांडे मोजायचे, आणि केसाच्या जाडीइतका फरक निघाला तरी सगळी पेटी परत पाठवायची, हे तुझं काम. माझा पहिला पगार झाला तेव्हा मैत्रिणींनी आपापल्या आयांना साड्या घेतल्या. मी तुला तीन प्लग आणले, इरिडियमचे, कारण तू रोज एवढं लांब जात होतीस. तू भाकरी थापत होतीस. हात धुतलेस, पुसलेस, डबी उघडून टोकाची बारीक तार खिडकीच्या उजेडात धरलीस. "जुने अजून चांगले आहेत गं," म्हणालीस. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंस. "सरी, ठीक आहे. तूच बसव."

त्या रविवारची सकाळ आहे. बॉनेट उघडं आहे, तू माझ्या खांद्याशी उभी आहेस. "आधी हातानंच फिरव. पान्याची घाई करू नको, आटे खराब होतील." तिसरा प्लग बसतो. तू गाडी सुरू करतेस आणि डोळे मिटून इंजिन ऐकत राहतेस. मला वाटतं, खूश आहेस.

पुढचे दोन महिने तू त्याच पेट्रोल बंकवर टाकी काठोकाठ भरलीस आणि किलोमीटर टिपून ठेवलेस. जुन्या प्लगांचे आकडे तुझ्याकडे होतेच. एकदा जेवताना मी विचारलं, "काय गं, फरक पडला का?"

तू घास संपवलास. "नाही. जुने खराब असते तर पडला असता. ठिणगी वेळेवर पडली की पेट्रोल पेटतं. ती महागाच्या प्लगची की साध्याची, ते पेट्रोलला कळत नाही."

"म्हणजे मी उगीच आणले."

"असं कुठं म्हटलं मी? विचारलंस म्हणून सांगितलं. हे जास्त दिवस टिकतील, तेवढं खरं."

"तुला कारखान्यातल्या मालाशीच बोलता येतं, आई," असं म्हणून मी ताट सोडून उठले. चार दिवस आपण कामापुरतंच बोललो. मग सगळं पूर्वीसारखं झालं, फक्त प्लगांचं नाव दोघींनीही पुन्हा काढलं नाही.

तुझ्या तेराव्याला तुझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या अक्का आल्या. माझा हात धरून कन्नडमध्ये म्हणाल्या, "प्लग आणणारी मुलगी तूच ना? डब्याच्या सुट्टीत सगळ्यांना सांगायची. मुलीनं पहिल्या पगारात आणले, स्वतःच्या हातानं बसवले. तेव्हापासून गाडी कशी हलकी पळते म्हणायची. पेट्रोलही स्वल्प वाचतं म्हणे."

"पेट्रोल वाचतं, असं म्हणाली?"

"हो तर. तिचं ऐकून आमच्या साहेबांनी आपल्या गाडीत तसलेच घालून घेतले."

मी आत जाऊन ओट्याला टेकून उभी राहिले. आधी हसू आलं. उभ्या नोकरीत एक चुकीचं माप पुढे जाऊ दिलं नाहीस तू, आणि माझ्यासाठी अख्ख्या विभागाला खोटं सांगत राहिलीस. खरं काय ते फक्त मला सांगितलंस. मला ते उलटं हवं होतं, आई. फार वर्षं लागली मला हे कळायला, की तुझ्याकडून मिळण्यासारखं त्याहून मोठं काही नव्हतं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, वहीतच राहील. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. ते प्लग घेतले त्या दिवशी दुकानदारानं साधे प्लग पुढे करून मला स्पष्ट सांगितलं होतं, "अक्का, या गाडीला हे पुरेत. इरिडियमनं ॲव्हरेज वाढणार नाही." मला ते पटलंही होतं. फरक पडणार नाही हे ठाऊक असूनच मी तुला जेवताना विचारलं. तू हो म्हणावंस, एवढंच हवं होतं.