सोल्फा फोरमवरची शांतता

३ मार्च, सोमवार
आजपासून सोल्फा फोरमचा मॉडरेटर मी. चर्चच्या गायकांना गाणी सोल्फात, म्हणजे डो-रे-मीत, लिहून ठेवायचं आमचं फुकट सॉफ्टवेअर. ज्याचं अडेल त्याने फोरमवर विचारायचं. आज एकशे बारा स्पॅम. सगळ्यांची सुरुवात एकच: देव तुमचं भलं करो, घरची मंडळी बरी ना? आणि खाली सोन्याची पेटी, नाहीतर केस उगवायचं तेल. निश्चय: महिन्याभरात आमच्या केप कोस्ट शहरातला सर्वांत स्वच्छ फोरम. दुसरा कुठला आहे, ते पाहिलेलं नाही.

६ मार्च
फिल्टर लिहिला. देवाचं नाव आणि घरच्यांची चौकशी घेऊन आलेली पोस्ट फोरमवर न दिसता थेट ढिगात. ढीग दर रविवारी तपासायचा. अराबा म्हणाली, आपल्याकडे मीठ मागायला आलेला माणूससुद्धा आधी घरच्यांची खुशाली विचारतो. बायको हुशार आहे, पण टेक्निकल बाबतीत कच्ची.

९ मार्च, रविवार
चर्च. मग मक्याची केंकी आणि मासे. मग झोप. ढीग पुढच्या रविवारी.

२२ मार्च
स्पॅम शून्य. बुधवारी नवी आवृत्ती बाहेर पडली, तरी एक तक्रार नाही. सॉफ्टवेअर निर्दोष झालं असावं.

४ एप्रिल
मास्टर आर्कोफुल दोन आठवडे गप्प. सॉल्टपॉन्ड गावचे म्हातारे कॉयरमास्टर, मला गायला यांनीच शिकवलं. आता ऐकू येत नाही, म्हणून फोन नाही. सगळं बोलणं फोरमवर. नव्या माणसाला मी उत्तर लिहीपर्यंत त्यांचं देऊन झालेलं असायचं. जन्मभर रचलेली त्रेचाळीस गाणी आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये उतरवलीत. मॉडरेटर मला केलं म्हणून रुसले असणार.

१९ एप्रिल
अराबा म्हणते, ट्रोट्रो गाडीत बस, तासाभरात पोचशील, भेटून ये. खरं तर लहानानेच जायचं असतं. पण मी मॉडरेटर आहे. एक पाऊल त्यांनीही टाकावं.

११ मे, रविवार
आठवडाभर फोरमवर एकही पोस्ट नाही. एवढी शांतता आजवर कुणाला जमली नव्हती. मास्टरांनी शाबासकी दिली असती. फार आठवण येते. ढीग: डोकं दुखत होतं.

१ जून, रविवार
ढीग आज नक्की. वीज गेली. आली तेव्हा उत्साह गेला होता.

१४ जून
अराबा बाजारातून रिकामी पिशवी घेऊन परतली. सॉल्टपॉन्डची एक कॉयरवाली भेटली होती. तिने विचारलं, मास्टरांच्या दफनाला तुझा फीफी का नाही आला?

ढीग उघडला. तीनशे अठरा. स्पॅम निम्मासुद्धा नाही. बाकी सगळे कॉयरमास्टर, देवाचं नाव घेऊन, घरची चौकशी करून, मदत मागणारे.

मास्टरांची नऊ पत्रं. पहिलं २१ मार्चचं: "फीफी बाळा, देव तुझं भलं करो. अराबाचा खोकला गेला का? नवी आवृत्ती घातल्यापासून माझी गाणी उघडत नाहीत. सवडीने सांग."

नववं: "तुझ्या घरी काही बरंवाईट झालंय का? एरवी तू असा गप्प बसणारा नाहीस. माझ्या गाण्यांचं राहू दे. तू आधी सावर. मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करतो."

पुढची तीन त्यांच्या मुलीची, एसीची. वडील २ मेला गेले. दफन रीतीप्रमाणे पाच आठवड्यांनी, ७ जूनला. कॉयरला त्यांचीच गाणी म्हणायची आहेत, फाइल तेवढी उघडून द्या. तिन्ही पत्रांत तिनेही माझ्या घरच्यांची खुशाली आधी विचारली आहे.

पाच आठवडे होते माझ्याकडे. मी शांतता मोजत होतो.

१५ जून, रविवार
सॉल्टपॉन्डला गेलो. एसीने खुर्ची दिली, पाणी दिलं, मग रीतीप्रमाणे विचारलं, काय काम काढलंत? कॉम्प्युटरकडे बोट केलं.

सेटिंगमध्ये ‘जुन्या फाइली’ समोर खूण करायची होती. केली. त्रेचाळीस गाणी ओळीने समोर आली.

दफनाला काय म्हटलंत, मी विचारलं. पुस्तकातली, ती म्हणाली. दुसऱ्यांची.

मग तिने पडद्यावरच्या त्या खुणेवर बोट ठेवलं.

"एवढंच करायचं होतं?"

हो म्हणालो.